घर घेणाऱ्याच्या बाजूने कोण?

आडत म्हणजे बाजार समितीत माल विकून देणाऱ्या मध्यस्थाची, आडत्याची, दलाली; हे खानदेशातल्या शेतकऱ्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. 2016 च्या जुलैत राज्य सरकारने फळे-भाजीपाल्यावरची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचे ठरवले. तेव्हा ठिकठिकाणी बाजार समित्या बंद पडल्या, व्यापारी हटून बसले, आणि पारावर-टपरीवर एकाच प्रश्नाची चर्चा होती: आडत्या नेमका कोणाचा? माल विकणाऱ्याचा, घेणाऱ्याचा, की फक्त स्वतःचा? पिढ्यानपिढ्या विक्रीच्या हिशेबपट्टीतून पैसे कापून घेतले गेल्यावर हा प्रश्न आपल्याकडे नीट विचारला गेला. पण त्याच शेतकऱ्याचा मुलगा जळगावला किंवा धुळ्याला 40 लाखांचे घर घ्यायला निघतो, तेव्हा मधल्या माणसाला हा प्रश्न कोणीच विचारत नाही.

आपल्याकडे घराच्या सौद्यात विकणाऱ्याच्या बाजूने बोलणारे पुष्कळ असतात आणि घेणाऱ्याच्या बाजूने कोणी नसते. ही उणीव आता भरून निघाली पाहिजे. घर घेणाऱ्याने आपला, फक्त आपला, एजंट नेमावा, त्याला ठरवून पैसे द्यावेत, ते कागदावर लिहून घ्यावे. आणि सरकारनेही प्रत्येक घराच्या व्यवहारात मधला माणूस कोणाकडून किती घेतो हे उघड करायला लावावे. या मागण्या मी पूर्ण विचार करून करतो आहे.

सध्याची रीत सगळ्यांच्या परिचयाची आहे. ओळखीतला कोणी दलाल असतो. तो महाबळमध्ये, पिंप्राळ्यात, देवपुरात किंवा वलवाडीत चार घरे दाखवतो. नात्यातला निघाला तर मामा-भाऊजी होतो, नसला तर दोन चहांत आबा-नाना होतो. ‘आपला माणूस शे, चिंता नको करू भो,’ असे कोणीतरी सांगितलेले असते. सौदा जमला की तो घेणाऱ्याकडून एक टक्का घेतो आणि विकणाऱ्याकडूनही घेतो. कुठे दोन-दोन टक्केही ठरतात. नव्या स्कीममध्ये बिल्डर त्याला वेगळे देतो, आणि ते किती हे घेणाऱ्याला कधीच कळत नाही.

या माणसाला वाईट ठरवायचा माझा हेतू नाही. उन्हातान्हात गाडी घेऊन तो पाच पाच घरे दाखवतो, रुसलेल्या भावांना एका टेबलाशी बसवतो, आणि सौदा फिसकटला तर त्याला पेट्रोलचे पैसेही कोणी देत नाही. आपल्या शहरांत जी घरे विकली गेली, त्यांतली बरीच त्याच्या पायपिटीशिवाय विकलीच गेली नसती. पण त्याच्या कमाईचा हिशेब मांडून पाहा. 40 लाखांच्या घरावर दोन्हीकडून एक-एक टक्का म्हणजे 80 हजार. त्याने तुमच्यासाठी भांडून भाव दोन लाखांनी उतरवला, तर त्याचे जातात 4 हजार. भांडता भांडता सौदा मोडला, तर जातात 80 हजार. अशा माणसाने तुमच्यासाठी ताणून धरावे ही अपेक्षाच चुकीची आहे. सौदा होणे यातच त्याचे हित आहे. घर कसे आहे, कागद कसे आहेत, भाव रास्त आहे का, हे प्रश्न त्याच्या पोटावर येतात.

माझ्या नात्यातल्या एका शिक्षक जोडप्याचे उदाहरण सांगतो. पारोळ्याकडची दोघांची नोकरी, मुलीच्या शिक्षणासाठी जळगावला घर हवे होते. पिंप्राळ्याच्या बाजूला एक रो-हाऊस पसंत पडले. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर आली होती. दलाल बाईंच्या माहेरच्या ओळखीतला. तो म्हणाला, मुहूर्त चुकवू नका, दुसरी पार्टी तयार आहे. आखाजीच्या दिवशी दोन लाख इसार (सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम) दिला आणि सौदा पावती झाली. पावती दलालानेच आणली होती, छापील मजकुरात नावे-रकमा भरलेल्या. त्यात लिहिले होते की तीन महिन्यांत खरेदी झाली नाही तर इसार जप्त. कर्ज मंजूर झाले नाही तर काय, याबद्दल एक अक्षर नव्हते. विकणाऱ्याच्या मालकीत दोष निघाला तर काय, याबद्दलही नव्हते.

दोष निघालाच. बँकेच्या वकिलाने सर्च रिपोर्टमध्ये लिहिले की प्लॉट मूळ वडिलांच्या नावावर होता, वडील वारले, उताऱ्यावर दोन्ही भावांची नावे लागली, पण दोन बहिणींची लागली नाहीत आणि त्यांनी वाटा सोडल्याचे हक्कसोडपत्रही नाही. हे खानदेशात घरोघरी सापडते. वडिलांच्या मालमत्तेत मुलीचा वाटा 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासून आहे, 2005 च्या दुरुस्तीने तिला वडिलोपार्जित मिळकतीतही मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर उरलेली शंकाही मिटवली. तरी तलाठ्याकडे वारस सांगताना बहिणी अजून विसरल्या जातात. बँकेने कर्ज थांबवले. दलालाचा सल्ला काय, तर बँक बदला. तीन महिन्यांची मुदत संपत आली, इसार जायची वेळ आली. अखेर बहिणींनी सही दिली, पण त्यापोटी भाव दीड लाखाने वाढला आणि तो घेणाऱ्यांनीच सोसला. दलालाने दोन्ही बाजूंची दलाली रोखीने घेतली. पावती दिली नाही.

या सगळ्यात फसवणूक म्हणावी असे कोणी काही केलेले नाही. विकणाऱ्या भावांना घर विकायचे होते, दलालाला सौदा करायचा होता, बँकेच्या वकिलाला बँकेचे पैसे सांभाळायचे होते. प्रत्येकाने आपापले काम केले. त्या शिक्षक जोडप्याचे काम करणारा मात्र त्या टेबलाशी एकही नव्हता. असता तर त्याने आखाजीच्या आधी उतारा आणि फेरफार मागवले असते, बहिणींचा प्रश्न इसारापूर्वीच काढला असता, आणि सौदा पावतीत दोन ओळी घातल्या असत्या: कर्ज नामंजूर झाल्यास किंवा मालकी निर्वेध नसल्यास इसार परत. दोनच ओळी, पण त्या घालायला कोणाचा तरी फायदा असावा लागतो.

बाहेरच्या जगात हा प्रश्न आपल्याआधी सोडवायला घेतला गेला. ऑस्ट्रेलियात घेणाऱ्याच्या बाजूचा एजंट हा परवाना लागणारा रीतसर व्यवसाय आहे. अमेरिकेत घेणाऱ्याचा एजंट वेगळा असतो, पण त्याचे पैसे परंपरेने विकणाऱ्याच्या हिश्श्यातून जात. दोन्ही एजंटांचे मिळून साधारण पाच-सहा टक्के ठरून गेलेले. त्यावर घरे विकणाऱ्यांनी दावा लावला. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये मिसुरी राज्यातल्या ज्युरीने एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेविरुद्ध निकाल दिला, 2024 च्या मार्चमध्ये संघटनेने 41 कोटी 80 लाख डॉलरची तडजोड मान्य केली, आणि 17 ऑगस्ट 2024 पासून तिथे नियम झाला की संघटनेच्या एजंटाने घेणाऱ्याला घर दाखवायला नेण्याआधी लेखी करार करायचा, त्यात आपली फी स्पष्ट लिहायची, आणि ही फी कायद्याने ठरलेली नसून घासाघीस करून ठरवता येते हेही लिहायचे. त्यांची पद्धत आपण जशीच्या तशी उचलावी असे मी म्हणत नाही. तिथे पहिले घर घेणाऱ्या तरुणांना ही फी खिशातून देणे जड जाते, अशी तक्रार आहे आणि ती खरी आहे. पण घर दाखवण्याआधी ‘मी कोणाचा आणि किती घेणार’ हे कागदावर यावे, एवढा नियम कुठल्याही गावात चालेल असा आहे.

आपल्या कायद्यात यासाठी जागा नाही, असे मात्र नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्यात एजंट आणि त्याचा मालक, म्हणजे ज्याच्या वतीने तो काम करतो तो, यांच्या नात्यावर अख्खे प्रकरण आहे. एजंटाने मालकाला न सांगता त्या व्यवहारात स्वतःचा हात घातला, तर मालकाला तो व्यवहार नाकारता येतो किंवा एजंटाने मिळवलेला फायदा मागता येतो, असे त्यातली 215 आणि 216 ही कलमे सांगतात. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीचा कायदा घेणाऱ्याच्या बाजूला उभा आहे. फक्त दलाल हा त्याचा एजंट आहे हे कुठे लिहिलेले नसल्याने तो कायदा घेणाऱ्याच्या उपयोगाला येत नाही.

आणि रेरा? लोक मला हेच विचारतात. रेरा हा घरबांधणी प्रकल्पांवर आणि एजंटांवर नियंत्रण ठेवणारा 2016 चा कायदा, 2017 च्या मे महिन्यापासून पूर्ण लागू. त्याने एजंटाला नोंदणी सक्तीची केली, महारेराने, म्हणजे या कायद्याखालच्या राज्यातल्या प्राधिकरणाने, पुढे एजंटांसाठी परीक्षा आणि प्रमाणपत्रही आणले. हे चांगलेच झाले. पण खानदेशातला घर घेणारा बहुतेक वेळा रेराच्या कुंपणाबाहेर उभा असतो. 500 चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरचा किंवा 8 पर्यंत सदनिकांचा प्रकल्प नोंदवायची सक्ती नाही, आणि आमच्याकडे एका प्लॉटवर चार रो-हाऊस, दोन ट्विन बंगले, खाली दुकान वर दोन फ्लॅट, हीच खरी बांधकामाची चाल आहे. जुने घर एकाने दुसऱ्याला विकले तर तिथे रेराचा एजंट-नियम लागूच होत नाही. मुंबई-पुण्याच्या टॉवरसाठी शिवलेला हा अंगरखा भुसावळच्या, अमळनेरच्या, शिरपूरच्या घेणाऱ्याच्या अंगावर बसत नाही.

कोणी म्हणेल, एजंट कशाला, वकील आहे ना. वकील हवाच. पण वकील कागद पाहतो, आणि तेही तुम्ही त्याच्यापुढे ठेवाल तेवढेच. दुपारी चारला पश्चिमेच्या भिंतीला हात लावून तो पाहत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा त्या खोलीत झोपता येईल का, हे तो सांगत नाही. दलाल तर घर सकाळी दाखवतो. काळ्या मातीत पाया किती खोल नेला, मुरूम भरला की नाही, जोत्याजवळची तिरपी भेग रंगाखाली झाकली का, नळाला पाणी किती दिवसांनी येते आणि बोअर उन्हाळ्यात आटते का, लेआउटमधली ओपन स्पेस खरोखर मोकळी आहे की तिच्यावर कोणी बांधून बसले आहे, हे सगळे बघायला गल्लीत चारदा जावे लागते, शेजारच्या बाईशी बोलावे लागते, पालिकेत चक्कर मारावी लागते. शिवाय बऱ्याच सौद्यांत वकीलही दलालच सुचवतो.

नंदुरबारकडे तर कागदांचाच प्रश्न अधिक नाजूक. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या 36 आणि 36अ कलमांप्रमाणे रीतसर पूर्वपरवानगीशिवाय बिगरआदिवासीला ती घेताच येत नाही. भोगवटादार वर्ग दोनची, म्हणजे हस्तांतरणावर सरकारी अटी असलेली, जमीन असेल तर तिथेही हस्तांतरणाला परवानगी लागते. पैसे देऊन, घर बांधून, वर्षांनी हे कळणे म्हणजे घेणाऱ्याचा सर्वनाश, आणि ज्या आदिवासी कुटुंबाची जमीन अशी गेली त्याच्यावरचा अन्याय तर त्याहून मोठा. घेणाऱ्याच्या बाजूचा जाणता माणूस पहिल्याच दिवशी उताऱ्यावरचा भूधारणा पद्धतीचा रकाना वाचेल आणि तिथेच थांबवेल.

भावाचेही तसेच. रो-हाऊस 40 लाखांचे आहे हे कोणी ठरवले? दलाल म्हणतो, शेजारचे बेचाळीसला गेले. शेजारचे खरोखर कितीला गेले, हे पाहता येते. नोंदणी झालेल्या प्रत्येक खरेदी खताची सूची क्रमांक दोन निघते. तिच्यात मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ, तारीख, भरलेले मुद्रांक शुल्क, सगळे असते, आणि नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर गाव आणि मिळकत क्रमांक घालून ती शोधता येते. एखाद्या कॉलनीतल्या गेल्या दोन वर्षांच्या अशा दहा-बारा सूच्या समोर ठेवल्या की बोलणी वेगळ्या पायरीवरून सुरू होतात. अडचण एवढीच की आपल्याकडे किमतीचा काही भाग अजून रोखीने मागितला जातो, म्हणून सूचीतला आकडा खऱ्यापेक्षा कमी असू शकतो. हा फरक कोणत्या गल्लीत किती धरायचा, हे रोज त्या बाजारात फिरणाऱ्यालाच कळते. घर-जमिनीच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला 2015 पासून बंदी आहे, आणि घेणाऱ्याच्या एजंटाने रोखीला सरळ नाही म्हणावे. त्या रकमेवर बँक कर्ज देत नाही, वाद झाला तर ती दिल्याचा पुरावा नसतो, आणि उद्या घर विकताना खरेदीची किंमत कमी दिसून कर जास्त बसतो.

आता पैशांचा मुद्दा. आधीच मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, कर्जाचा खर्च, त्यात हा आणखी एक माणूस कशाला? हा आक्षेप मी हलका समजत नाही. शिक्षकाच्या, रेल्वे कर्मचाऱ्याच्या, केळीच्या पैशावर शहरात घर करणाऱ्या शेतकऱ्याच्या खिशाला 40 हजारही मोठेच असतात. पण ते 40 हजार तो आजही देतोच आहे, फक्त दोन्हीकडून पैसे घेणाऱ्या दलालाला देतो आहे. एक साधी गोष्ट पाहा. महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. नवऱ्याचे नाव सोबत घातले की ती जाते. 40 लाखांवर ही सूट 40 हजार होते. वर सांगितलेल्या जोडप्याने घर दोघांच्या नावावर केले, कारण हे त्यांना कोणी सांगितलेच नाही. बाईंच्या एकटीच्या नावावर घर करायचे की नाही हा त्यांच्या घरातला निर्णय, पण तो माहिती असून व्हायला हवा होता.

फी मात्र टक्क्यात ठरवू नये, यावर माझा आग्रह आहे. टक्का घेणारा एजंट तुमचा असला तरी घर महाग पडले की त्याला जास्त मिळते. ठरीव रक्कम ठरवावी आणि तिचे टप्पे पाडावेत: काही कागद आणि भाव तपासल्यावर, काही सौदा पावतीच्या वेळी, उरलेली ताबा मिळून फेरफार नोंद झाल्यावर. यातला पहिला टप्पा सर्वांत महत्त्वाचा, कारण तो सौदा मोडला तरी द्यायचा असतो. ‘हे घर घेऊ नका’ असे सांगितल्यावरही ज्याला पैसे मिळतात, तोच ते मोकळेपणाने सांगू शकतो. आपल्याकडे लोकांना हेच सर्वांत जड जाते. घर मिळालेच नाही आणि पैसे कसले? पण डॉक्टरने तपासून ऑपरेशन नको म्हटले तरी आपण तपासणीची फी देतोच.

दुसरा आक्षेप असा की लहान गावात एवढा कडक भेद चालत नाही. विकणारा, घेणारा, दलाल, सगळे एकमेकांच्या लग्नात जेवलेले. मला वाटते, म्हणूनच हे लिहून घेणे आपल्याकडे जास्त गरजेचे आहे. अनोळखी माणसाला आपण चार प्रश्न विचारतो, नात्यातल्याला विचारायची भीड पडते. अर्ध्या पानाचा कागद असला तर भीड मोडावी लागत नाही, तो कागदच विचारतो. मी अमुक खरेदीदाराचे काम करतो, त्याच्याकडून इतकी फी घेईन, विकणाऱ्याकडून किंवा बिल्डरकडून काहीही घेणार नाही, कोणी दिले तर खरेदीदाराला सांगेन. फी बँकेतून, पावतीसह. अशी पावती हातात असलेल्या खरेदीदाराला सेवेत खोट निघाली तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला पाय ठेवायला जागा राहते. रोखीने दिलेल्या दलालीला ती राहत नाही.

सरकारने करायचे काम फार खर्चाचे नाही. दुय्यम निबंधकाकडे खरेदी खत नोंदवताना त्यात एक परिच्छेद सक्तीचा करावा: या व्यवहारात मध्यस्थ कोण, त्याने घेणाऱ्याकडून किती घेतले, विकणाऱ्याकडून किती. मध्यस्थ नसेल तर तसे लिहावे. नव्या प्रकल्पापुरते न थांबता जुन्या घरांच्या आणि बिनशेती प्लॉटच्या व्यवहारांनाही एजंटांची नोंदणी लागू व्हावी. आणि एका व्यवहारात दोन्हीकडून घ्यायचे असेल तर दोघांची लेखी संमती असल्याशिवाय ते चालू नये. प्रामाणिक दलालांचे यात नुकसान नाही. उलट आज त्यांच्या शेजारी बसून कागद न बघता सौदे उरकणाऱ्यांमुळे त्यांचे नाव खराब होते, ते थांबेल.

कायदा बदलेपर्यंत वाट बघायचीही गरज नाही. खानदेशात पगारदारांच्या पतसंस्थांची मोठी परंपरा आहे. सरकारी नोकरांची जळगावची ग. स. सोसायटी आहे, धुळे-नंदुरबारची ग. स. बँक आहे, शिक्षकांच्या आणि रेल्वेवाल्यांच्या सोसायट्या आहेत. त्यांचे सभासदच दरवर्षी घरे घेतात. या संस्थांनी दोन-तीन जाणते लोक, एखादा निवृत्त मंडळ अधिकारी, एखादा स्थापत्य अभियंता, एखादा दलालीतलाच मुरलेला पण एका बाजूने काम करायला तयार असलेला माणूस, ठरीव फीवर सभासदांसाठी नेमावेत. फी संस्थेतून कर्जाऊ द्यावी आणि पगारातून हप्त्याने कापावी, म्हणजे अमेरिकेतल्या तरुणांना जी अडचण आली ती इथे येणार नाही. पुढच्या वार्षिक सभेत एखाद्या सभासदाने एवढा एक ठराव मांडला, तरी त्यानंतरच्या आखाजीला घर घेणारे इसार देण्याआधी उतारा आणि सूची पाहून जातील.